सोमवारी सेल्फ मारला की नुसतं टक-टक: नवी बॅटरी घेण्याआधी आम्ही बापलेकीने काय मोजलं

लक्षण असं. गाडी रोज चालवली तर काहीच तक्रार नाही. शनिवारी दुपारी लावली आणि रविवारी कुठे गेलो नाही, की सोमवारी सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे आधी पिवळट, मग गुल. बरं, दर सोमवारी होत असतं तरी परवडलं असतं. दोन आठवडे बरे जायचे, आम्ही विसरून जायचो, आणि नेमकी घाई असेल त्या दिवशी शेजारच्या काकांकडे जंपर केबल मागायला जायची वेळ यायची.

गाडी २००८ सालची, पेट्रोल, मागे वेगळी डिक्की असलेली. २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पासिंग पुन्हा करून घेतलंय, म्हणजे इतक्यात सोडायचा विचार नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा निघालाच नाही. कोणाचा निघाला ते पुढे येईलच.

जुलैत पहिल्यांदा बॅटरी उतरली तेव्हा ती चार वर्षांची होती. ‘गेली असेल’ म्हणून ऑगस्टमध्ये नवी बसवली. सप्टेंबरात नवीही उतरली. दुकानदाराने चार्जिंगला लावून तपासली आणि ‘बॅटरीत काही नाही, डायनामो बघा’ म्हणून परत दिली. वायरमनने डायनामो बघितला, तोही ठीक. यात तीन महिने गेले आणि नव्या बॅटरीचे पैसे गेले. ऑक्टोबरात लेक म्हणाली, “बाबा, आपणच शोधू ना.” ती सहावीत आहे. चाक बदलताना नट सैल करणं, एअर फिल्टर झटकणं, कूलंटची पातळी बघणं एवढं तिला येतं. विजेच्या वाटेला आम्ही दोघंही कधी गेलो नव्हतो.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून पिवळा साधा मल्टिमीटर (व्होल्ट, अँप मोजायचं यंत्र) आणला. तुम्हालाही एवढाच लागेल. सोबत दहाचा पाना, फ्यूज ओढायची छोटी पक्कड (ती बहुतेक फ्यूजबॉक्सच्या झाकणातच अडकवलेली असते) आणि एक वही. वही लेकीची. ती या सगळ्यात किती कामाची ठरेल याची तेव्हा कल्पना नव्हती.

आधी हे ठरवा: बॅटरी मेली आहे की कोणी तिला पितंय?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक पैसे इथेच वाया जातात. लेकीला समजावताना मी गच्चीवरची पाण्याची टाकी घेतली. टाकी सकाळी रिकामी सापडली तर कारणं तीन: टाकीलाच चीर आहे, पंप नीट भरत नाही, किंवा कुठल्यातरी घरात नळ ठिबकतोय. टाकी म्हणजे बॅटरी, पंप म्हणजे डायनामो. सोसायटीत राहणाऱ्या पोरांना हे एका मिनिटात कळतं.

पंप तपासणं सर्वांत सोपं. गाडी चालू करून मीटर २० व्होल्टवर ठेवा आणि बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर टोकं टेकवा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर डायनामो भरतोय. आमचा १४.२. हेडलाइट आणि पंखा लावून १३.९. पंप ठीक.

टाकीची चीर तपासायला दोन-तीन रात्री लागतात, पैसा लागत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करा. हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा, म्हणजे वरवरचा चार्ज निघून जातो आणि खरा आकडा दिसतो. मग निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. भरलेल्या बॅटरीचा आकडा १२.६ च्या आसपास असतो, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. आम्ही शुक्रवारी रात्री मोजलं तेव्हा १२.६२ होते, सोमवारी सकाळी १२.५८. म्हणजे गाडीपासून तोडलेली बॅटरी जशीच्या तशी राहिली. ती जर तोडलेल्या अवस्थेतही १२.२ पर्यंत खाली आली असती, तर पुढचं काहीच वाचायची गरज नव्हती. बॅटरीच बदलायची.

लेकीने वहीत लिहिलं: ‘टाकी चांगली. पंप चांगला. नळ ठिबकतोय.’

मीटर मध्ये घालताना

आता ठिबकणं मोजायचं. त्यासाठी मीटर विजेच्या वाटेतच बसवावा लागतो, आणि इथे घाई केली की काहीतरी उडतं. आमचंही उडालं, सांगतो.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. उलट केलं आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. लेकीला डोळ्यांना काहीतरी लाव म्हटल्यावर ती पोहायचा गॉगल घालून आली. चालला. टर्मिनलवर पांढरी-निळी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने धुऊन घ्या. त्या पावडरीला पोरांनी बोट लावू नये. नव्या गाड्यांमध्ये निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, त्याला ओढाताण नको. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलच्या जवळपासही जाऊ नका. तो घरचा अभ्यास नाही.

किल्ली काढून घरात ठेवा. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करून सगळे दरवाजे लावून घ्या. मीटरची लाल वायर १० अँपच्या भोकात, चकती १० अँपवर. एक टोक निगेटिव्ह केबलच्या क्लॅम्पला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला. दोन्ही टोकं धरून ठेवूनच क्लॅम्प अलगद वर उचला. असं केलं की वीज क्षणभरही तुटत नाही आणि घड्याळ, रेडिओची सेटिंग वगैरे पुसली जात नाहीत. टोकं धरायला मगरचिमटे असले तर उत्तम. आमच्याकडे नव्हते, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले.

मीटर असा जोडलेला असताना गाडी चालू करायला जाऊ नका. सेल्फला शंभर अँपच्या वर करंट लागतो आणि स्वस्त मीटरच्या १० अँपच्या भोकाला बहुतेक वेळा फ्यूज नसतो. दुसरं भोक, मिलिअँपचं, त्याला असतो. ते मला माहीत आहे कारण मी शहाणपणा करून आधी २०० मिलिअँपवर लावला, लेकीने वही घ्यायला दार उघडलं, आतला दिवा लागला आणि मीटर गप्प. तिला वाटलं तिने मोडला. मीटर उघडून फ्यूज दाखवला, काचेच्या नळीतली तुटलेली तार तिने उजेडाकडे धरून बघितली. गाडीतले फ्यूज कशासाठी असतात हे मी मागे दोनदा सांगितलं होतं. ते तिला त्या दिवशी कळलं.

दहा अँपवर लावल्यावर पहिला आकडा १.१ आला. घाबरायचं नाही. दार नुकतंच बंद झालेलं असतं, कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा संगणक) जागं असतं. आमची जुनी गाडी सात-आठ मिनिटांत झोपली. नव्या गाड्यांना वीस मिनिटं, कधी अर्धा-पाऊण तास लागतो. चहा करून या. मधे रिमोटचं बटण दाबलं किंवा दार उघडलं तर ती पुन्हा जागी होते आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून.

आकडा स्थिरावला तो ०.२३ वर.

झोपलेल्या गाडीने ०.०२ ते ०.०५ अँप घेणं साधारण ठीक असतं: घड्याळ, रिमोटचा रिसिव्हर, सेंट्रल लॉक. ०.२३ म्हणजे कोणीतरी जागं आहे.

फ्यूज न उपटता चोर पकडणं

सगळे सांगतात की एकेक फ्यूज काढा आणि मीटरकडे बघा. चालतं, पण फ्यूज परत बसवला की ते युनिट पुन्हा जागं होतं आणि तुम्ही पुन्हा दहा मिनिटं बसता. त्यापेक्षा हे करा. प्रत्येक चपट्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा, निगेटिव्ह टर्मिनल जसं होतं तसं परत जोडा, गाडी झोपू द्या आणि त्या दोन ठिपक्यांवर टोकं टेकवा. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर अगदी थोडा, एखाद्या मिलिव्होल्टचा फरक दिसतो. दरवाजाजवळच्या फ्यूजबॉक्ससाठी दार उघडं ठेवावं लागलं, तर दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बसवा, म्हणजे गाडीला वाटतं दार बंद आहे. शेवटी हँडल ओढून ती मोकळी करायला विसरू नका. बसलेल्या जिभेवर दार आपटलं तर नवा खर्च.

हे काम लेकीने केलं. तिची बोटं बारीक, नजर चांगली. मी वही धरली. ‘शून्य. शून्य. शून्य. बाबा, हा शून्य पॉइंट नऊ.’ पंधरा अँपचा निळा फ्यूज, झाकणावर लिहिलेलं ‘डोम, रेडिओ’. डोम म्हणजे छताचा दिवा.

रेडिओ म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षांपूर्वी बाहेरून टचस्क्रीनचा स्टीरिओ बसवून घेतला होता. तो काढला. अशा स्टीरिओला दोन पॉझिटिव्ह वायर असतात: पिवळी कायम चालू, घड्याळ-मेमरीसाठी, लाल किल्ली फिरवल्यावर चालू, ‘आता जागा हो’ सांगणारी. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून काळी टेप गुंडाळली होती. म्हणजे पडदा काळा दिसायचा, पण आत स्टीरिओ रात्रंदिवस जागा. घाईत असं सर्रास करतात, कारण किल्लीची वायर शोधायला पाच मिनिटं लागतात. आम्ही टेस्टरने ती शोधली, लाल वायर तिला जोडली, पिळण्याऐवजी क्रिंप करून, म्हणजे धातूच्या जोडात घट्ट दाबून. परत मोजलं. ०.०३.

उड्या मारल्या. आणि इथेच मी चुकलो.

गणित जमत नव्हतं, आणि ते तिला दिसलं होतं

त्या संध्याकाळी लेक वहीत गुणाकार करत बसली होती. बॅटरीवर ४५ लिहिलेलं असतं, म्हणजे ४५ अँपिअर-तास. ०.२३ गुणिले २४, दिवसाला साडेपाच. “म्हणजे बाबा, पूर्ण रिकामी व्हायला आठ दिवस लागतील. आपली तर दोन दिवसांत उतरते.”

मी म्हणालो, शहरात दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, त्यामुळे लवकर उतरत असेल. ते खोटं नाही. पण आठ दिवसांचे दोन दिवस होण्याइतकं ते कारण मोठंही नाही. शिवाय स्टीरिओ तीन वर्षं तसाच होता, आणि त्रास जुलैपासून. उत्तर सापडल्याच्या आनंदात मी प्रश्नच बंद केला.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी रोज बाहेर होती, सगळं सुरळीत. सुट्टी संपल्यावर एकदा शनिवारी दुपारी मंडईतून आलो, सोमवारी घरूनच काम होतं, आणि मंगळवारी सकाळी टक-टक-टक.

आता वहीकडे. मी तिला फक्त तारीख आणि व्होल्ट लिहायला सांगितलं होतं. तिने स्वतःच्या मनाने आणखी दोन रकाने आखले होते: ‘शेवटी कोणी लावली’ आणि ‘गाडीतून काय काढलं’. दुसरा रकाना बघून मी हसलो होतो. त्यात ‘भाजी’, ‘सिलिंडर’, ‘काही नाही’, ‘माझी सायकल’ असं लिहिलेलं. ज्या-ज्या सकाळी आकडा पडला होता, त्याच्या आदल्या नोंदीत डिक्कीतून सामान काढलेलं होतं. ‘काही नाही’च्या पुढे एकदाही पडला नव्हता. आणि ‘माझी सायकल’च्या पुढेही नाही.

“सायकल काढते तेव्हा डिक्की मी लावते,” ती म्हणाली. “मी आपटते. तू हळू लावतोस.”

खरं आहे. वडिलांची प्रीमिअर पद्मिनी होती. दार किंवा डिक्की आपटली की त्यांची नजर वळायची, तेवढी पुरे असायची. तेव्हापासून मी झाकण टेकवून वरून हाताने दाबतो.

डिक्कीतला दिवा त्याच ‘डोम, रेडिओ’च्या फ्यूजवर. एका फ्यूजवर दोन चोर, आणि मी पहिला सापडल्यावर घरी गेलो होतो. आम्ही मोजलं त्या दिवशी डिक्की लेकीने लावली होती, म्हणून दिवा विझलेला होता आणि मीटरला दिसलाच नाही.

खात्री कशी करायची? तिचा प्रस्ताव होता की ती आत बसेल आणि मी डिक्की लावेन. हे कोणीही, कधीही, गमतीतही करायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवला. मी माझ्या पद्धतीने डिक्की लावली, दहापर्यंत मोजलं, उघडली. व्हिडिओत झाकण खाली येतं, ‘खट्’ होतं, आणि आतलं सगळं, स्टेपनी, जॅकची पिशवी, कांद्याची सालं, लख्ख उजेडात दिसत राहतं. मग तिने आपटली. खट्, आणि काळोख.

दिवा ५ वॉटचा, दोन्ही टोकांना टोप्या असलेला लांबट बल्ब. पाच भागिले बारा, ०.४२ अँप. झोपलेल्या गाडीचे ०.०३ धरून ०.४५. शनिवार दुपार ते मंगळवार सकाळ ६८ तास. तिने गुणाकार केला: ३०.६. पंचेचाळीसमधले तीस गेले. स्टीरिओ सुधारायच्या आधी दोन्ही मिळून ०.६५, दिवसाला साडेपंधरा. म्हणजे दोन दिवस. या वेळी जमलं.

दिवा का विझत नव्हता

स्विच साधा असतो, झाकणाने दाबला जाणारा खिळा. तो चांगला होता. बोटाने दाबला की दिवा विझायचा. झाकणच त्याच्यापर्यंत पुरेसं खाली येत नव्हतं. कारण जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, डिक्कीत पाणी येतं म्हणून मी नाना पेठेतून नवं रबर बीडिंग आणून स्वतः बसवलं होतं. नवं रबर जाड, फुगीर. हळू लावलं की झाकण दोन-तीन मिलिमीटर वर राहायचं. जुलैपासून त्रास का, याचं उत्तर हेच. पाणी यायचं थांबलं होतं, त्याचं मला कौतुकही वाटलं होतं.

दुरुस्तीला पंधरा मिनिटं लागली. कुलूप ज्या आकड्यात अडकतं तो खालचा आकडा दोन बोल्टवर असतो आणि त्याची भोकं लांबट असतात. बोल्ट सैल करण्याआधी आकड्याभोवती पेन्सिलने रेघ मारून घ्या. ही रेघ लेकीने मारली, कारण पुढे काही बिघडलं तर परत कुठे यायचं ते कळायला हवं. आकडा रेघेपासून तीन मिलिमीटर खाली घेतला, बोल्ट आवळले. झाकणाच्या कडेचे दोन रबरी बफर फिरकीचे असतात, तेही दीड-दीड फेरा आत घेतले. मग पुन्हा मोबाइल आत, हळू लावलेली डिक्की, व्हिडिओ. काळोख. बीडिंगमध्ये कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली; चारी बाजूंनी घट्ट, म्हणजे पाणीही येणार नाही.

शेजारचे काका म्हणाले, एवढं करण्यापेक्षा एलईडी बल्ब टाका, पाच वॉटऐवजी अर्धा वॉट, बॅटरीला कळणारही नाही. बल्ब बदलायला हरकत नाही, पण दिवा रात्रभर चालू राहायचा तो राहिलाच असता. तो मी मुद्दाम जुनाच ठेवलाय.

तुमच्या गाडीत चोर वेगळा असेल. ग्लोव्ह बॉक्समधला दिवा, कायम वीज घेणारा डॅशकॅम, कर्जाच्या वेळी बसवलेला आणि विसरलेला जीपीएस ट्रॅकर, चिकटून बसलेला रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच). एकाही फ्यूजवर मिलिव्होल्ट दिसले नाहीत आणि करंट तरी जास्त असेल, तर डायनामोवर शंका घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीत डायनामोला हात लावून कोमट लागला, तर त्यातला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला असतो आणि वीज उलट्या वाटेने जाते. तो वायरमनकडे द्या.

उतरलेली बॅटरी नुसती फिरवून भरेल अशी आशा नको. चार्जरवर हळू भरा. ४५ च्या बॅटरीला साडेचार अँपने रात्रभर, हवेशीर जागी. दोन-तीनदा पूर्ण उतरलेली बॅटरी पहिल्यासारखी राहत नाही. आमची ऑगस्टमधली नवी बॅटरी तशी दोन-तीनदा उतरली, त्यामुळे ती चार वर्षं काढेल असं मला वाटत नाही.

वही चालू आहे. शेवटची नोंद गेल्या रविवारची. आकडा ०.०३ अँप, ‘काय काढलं’मध्ये ‘भाजी, दोन कलिंगडं’, आणि ‘शेवटी कोणी लावली’मध्ये तिच्या अक्षरात: ‘बाबा. हळू.’